साकेच्या कुरात पहिला हिवाळा: तांदूळ भिजवताना जपा

साके म्हणजे तांदळाची जपानी दारू, ती जिथे बनते तो कुरा आणि तिथला कामगार तो कुराबितो. हंगामी कुराबितो म्हणून कुरात कामाला येणाऱ्या प्रत्येकाचं लक्ष कोजीच्या, म्हणजे बुरशी वाढवलेल्या तांदळाच्या, खोलीकडे असतं. माझंही होतं. कोजी स्टार्चची साखर करते, त्याच पिंपात त्याच वेळी यीस्ट तिची दारू करतं, हे तुम्ही वाचून आला असालच. पण नवख्याचा घात होतो तो भिजवणीच्या टाकीपाशी.

आपण भात खाणारी माणसं. दाणा नखाने दाबला की भिजणं कळतं, अशी आपली खात्री असते. ती दाराबाहेर ठेवा. घासून निम्मा उरलेला तांदूळ मिनिटांच्या हिशेबाने पाणी पितो, आणि उपसल्यावरही दाण्यांमध्ये अडकलेलं पाणी ओढतच राहतो. म्हणून नजर निथळल्यानंतरच्या वजनावर हवी: 10 किलोचे साधारण 13 किलो. जास्त झालं तर वाफवलेला दाणा बाहेरून चिकट होतो. हवा असतो तो बाहेरून कोरडा, आतून मऊ. चिकट दाण्यावर बुरशी वरवर पसरते, गाभ्यात शिरत नाही. पुढे मोरोमीत, म्हणजे पिंपातल्या आंबणाऱ्या मिश्रणात, तोच तांदूळ भराभर विरघळतो, साखर यीस्टच्या पुढे धावते आणि तीन-चार आठवड्यांच्या आंबवणीचा तोल जातो. कमी पडलेलं पाणी नंतर शिंपडून देता येतं, प्यायलेलं काढता येत नाही. शंका आली की लवकर उपसा.

कालची वेळ आज चालेल असंही धरू नका. पाणी गार असेल तर तांदूळ सावकाश पितो. उन्हाळा कडक गेला की यामादानिशिकी हा साकेचा नावाजलेला तांदूळसुद्धा टणक येतो आणि मोरोमीत विरघळायला कुरकुरतो. रोज पाण्याचं तापमान, कोरडं वजन, वेळ, निथळलेलं वजन लिहा. मला स्वतःला या वहीनेच तारलं.

चव ओळखण्याची प्रमाणपत्रं आधी गोळा करण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे. ती विक्रीला उपयोगी, टाकीपाशी नाहीत. आणि ‘बघून शीक’ एवढंच सांगणाऱ्या तोजीकडे, म्हणजे कुराच्या मुख्य कारागिराकडे, पहिला हंगाम काढू नका. जो आपल्या जुन्या नोंदी उघडून दाखवतो त्याच्याकडे जा, पगार थोडा कमी असला तरी. जपानी वाचता येत असेल तर जपानच्या इवाते प्रांतातल्या नान्बु तोजी संघाचे उन्हाळी वर्ग बघा.

सुरुवातीला फडकी आणि बादल्याच धुवाल. ते ठीक आहे, खचू नका. हिरोशिमाचे साके बनवणारे मिउरा सेन्झाबुरो यांना मऊ पाण्याने वर्षानुवर्षं छळलं. कोजी गाभ्यापर्यंत मुरवून, कमी तापमानात सावकाश आंबवण्याची वाट त्यांना सापडली आणि 1898 मध्ये ती त्यांनी छापून सगळ्यांसाठी खुली केली.

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नका. हंगामात नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खायचा नाही, त्याचे जिवाणू कोजीत शिरतात. आणि जपानमध्ये परवान्याशिवाय घरी साके करणं बेकायदा आहे. सराव करायचा तर घरी फक्त तांदूळ भिजवून, निथळून वजन करा.