डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या जोडीदाराला सांभाळताना स्वतःची काळजी कशी घ्याल

आधी झोप. ती सलग पाच-सहा तास मिळत नसेल तर बाकीचे उपाय टिकत नाहीत. आठवड्यातून निदान दोन रात्री मुलाने, सुनेने किंवा बहिणीने रुग्णाच्या खोलीत झोपावे. तुम्ही दुसरीकडे, दार लावून. रुग्ण रात्री बाहेर पडू नये म्हणून बाहेरच्या दाराला अगदी वर जादा कडी आणि घंटी लावा, विहिरीवर जाळी बसवा. मग प्रत्येक आवाजाला दचकून उठावे लागत नाही. मात्र रुग्णाला घरात एकट्याला कोंडून जाऊ नका.

मदत मागताना ‘कधीतरी ये’ म्हणाल तर कोणी येत नाही. ‘मंगळवारी चार ते सहा बसशील?’ असे विचारा. औषधांच्या वेळा, कशाने घाबरतात आणि कशाने शांत होतात, हे कागदावर लिहून ठेवा. मुले आखातात किंवा बोटीवर असतील तर मदतनीसाचा पगार आणि डॉक्टरांशी फोनवरचे बोलणे त्यांच्याकडे सोपवा.

तिन्हीसांजेला घालमेल वाढते. अंधार पडण्याआधीच दिवे लावा. ‘घरी जायचंय’ म्हटले तर वाद नको; अंगणात फेरी मारून आणा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) गर्दीत एक खोली शांत ठेवा.

हात उगारावासा वाटला तर त्यांना सुरक्षित बसवून दहा मिनिटे बाहेर जा. असे वाटणे म्हणजे प्रेम आटले असे नव्हे, थकवा फार झाला आहे.

स्वतःचा रक्तदाब, साखर तपासणे चुकवू नका. दोन आठवडे रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल तर गोव्यातल्या बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तासांत केव्हाही फोन करा.