गिटार क्लिकवरच वाजवतोय, तरी रेकॉर्डिंगमध्ये मागे पडते

वाजवताना हेडफोनमधल्या क्लिकशी (मेट्रोनोमच्या ठोक्याशी) ताल चोख जुळायचा. ऐकायला बसलो की प्रत्येक स्ट्रोक क्लिकच्या किंचित मागे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच. ६० च्या लयीत रियाज केला, बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ५१२ वरून १२८ सॅम्पल केला, हेडफोन बदलले. दोन महिने मी माझ्या हातालाच दोष देत होतो. खरं तर ऑडिओ इंटरफेसचा (गिटार संगणकाला जोडणाऱ्या डब्याचा) ड्रायव्हर लेटन्सीचा, म्हणजे आवाज आत-बाहेर जायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा चुकीचा सांगत होता, म्हणून रेकॉर्डिंग प्रोग्राम तो उशीर पूर्ण भरून काढत नव्हता.

उपाय: गिटार काढा. स्पीकर बंद करा, मॉनिटरिंगही (आत येणारा आवाज लगेच बाहेर ऐकवणं) बंद, नाहीतर शिट्टी वाजेल. इंटरफेसच्या लाइन आउटमधून केबल थेट लाइन इनमध्ये लावा. क्लिक एका ऑडिओ ट्रॅकवर ठेवून दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. पूर्ण झूम करून मूळ आणि रेकॉर्ड झालेल्या क्लिकच्या टोकांमधलं अंतर सॅम्पलमध्ये (आवाजाच्या एकेका नोंदीत) मोजा. माझं ६२० निघालं, म्हणजे ४४,१०० हर्ट्झला (सेकंदाला तेवढे सॅम्पल) सुमारे १४ मिलिसेकंद. रीपर या रेकॉर्डिंग प्रोग्राममध्ये प्रेफरन्सेस, ऑडिओ, रेकॉर्डिंग इथे मॅन्युअल ऑफसेटमध्ये तो सॅम्पलचा आकडा भरा आणि पुन्हा रेकॉर्ड करून बघा. दोन्ही टोकं एकाखाली एक यायला हवीत.

सॅम्पल रेट किंवा इंटरफेस बदलला की पुन्हा मोजा. अंतर दर स्ट्रोकला कमी-जास्त होत असेल, तर मात्र रियाजच हवा.