प्लॅन नाइनवर मंडळींना आणण्याआधी

लॅबमधल्या मंडळींना प्लॅन नाइनवर, म्हणजे बेल लॅब्सच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, न्यायचं असेल तर आधी माउस मोजा. तीन बटणांचे. टर्मिनलमागे एक, वर दोन जादा. स्विच, केबल, युजर अकाउंट कोणी विसरत नाही, त्यावर लिहीत बसत नाही. माउस विसरतात, मागच्या वेळी नेमके तेच राहिले होते. अ‍ॅक्मी एडिटरमध्ये डाव्या बटणाने मजकूर निवडायचा आणि ते न सोडता मधलं दाबलं की कट, उजवं दाबलं की पेस्ट. मधल्या जागी चाक असेल तर नवखा माणूस दाबायला जातो आणि चाक फिरतं. चार वेळा असं झालं की "आमचं जुनंच बरं होतं" म्हणून उठतो, मग त्याला परत बसवून दाखवा! पुण्याच्या तपकीर गल्लीत चाकवाले ढिगाने मिळतात, बिनचाकाचा शोधावा लागतो. आधीच सांगून ठेवा.

फाइल सर्व्हरला वेगळा यूपीएस. टर्मिनलला स्वतःची डिस्क लागत नाही, सगळ्यांचं सगळं त्या एका सर्व्हरवर. तो बसला की अख्खी लॅब हात बांधून बसते. आणि पुण्यात राहून गुरुवारी मुहूर्त काढू नका, वीज जाते.

पहिल्या दिवशी एवढंच शिकवा. इथे रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, नाही; त्याचा पासवर्ड मागू नका. एका खिडकीत बाइंड केलेली (दुसऱ्या जागी जोडलेली) डिरेक्टरी शेजारच्या खिडकीत दिसत नाही, कारण प्रत्येक खिडकीचा नेमस्पेस, म्हणजे फाइली कुठे दिसतात त्याचा नकाशा, वेगळा. हे सांगितलं नाहीत तर "माझ्या फाइली गेल्या" अशी बोंब ठरलेली. खरंच काही उडालं तर 'यस्टरडे' कमांड कालची प्रत कुठे आहे ते सांगते. मात्र सर्व्हरचा रोजचा डंप, म्हणजे फाइलींची प्रत काढून ठेवणं, चालू आहे ना ते आधी बघा. माउस आले का?

मराठीचं काय, हे कोणीतरी विचारणारच. यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत, जन्मलं याच सिस्टीमसाठी, १९९२ साली, केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांच्या हातून. तरी जोडाक्षरं पडद्यावर नीट जुळत नाहीत. पत्रं जुन्या मशीनवरच लिहू द्या. बँकेच्या साइटही तिथेच, इथल्या ब्राउझरला त्या झेपत नाहीत.

बाकी किरकोळ. प्रिंटर तपासा. पासवर्ड ज्याचा त्याला टाकू द्या. माउस नसतील तर तारीख पुढे ढकला, सरळ. जुनी मशीनं महिनाभर तरी फॉरमॅट करू नका. कोणाचं ना कोणाचं काहीतरी डेस्कटॉपवर राहिलेलं असतंच.