जुनी गाडी बघायला जाताना इंजिन थंडच हवं

आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाचे बरेच दोष झाकले जातात. म्हणून मालकाला आदल्या दिवशीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका."

१. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर सरळ दुसरी वेळ मागा.

२. इंजिन बंद असतानाच ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ, चिकट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता असते. मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. आता गाडी चालू करायला सांगून स्वतः सायलेन्सरपाशी उभे राहा. सुरुवातीची विरळ पांढरी वाफ चालते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) इंजिनात इंधन जळतं तिथे शिरत असावं.

४. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी गुंडाळलेल्या भागावर चिखलाचा डाग किंवा कुबट वास असेल तर गाडी पुराच्या पाण्यात राहिलेली असू शकते. आतून कितीही चकाचक केली तरी ही जागा बहुतेकदा राहूनच जाते, म्हणून मी ही तपासणी कधीच सोडत नाही.

इंजिन तापल्यावर रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.