बर्फावर उभे राहायला शिकताना: प्रौढांच्या प्राथमिक स्केटिंग वर्गाचे आठ आठवडे

टोरोंटोजवळच्या आमच्या उपनगरात हिवाळा जवळजवळ पाच महिने ठाण मांडून बसतो, आणि त्या काळात शेजारीपाजारी भेटतात ते बहुधा बर्फाच्या रिंकवर. माझी मुलगी ‘स्केट कॅनडा’ या राष्ट्रीय संस्थेच्या ‘कॅनस्केट’ या सहा टप्प्यांच्या वर्गात जाऊ लागली, तेव्हा दोन हिवाळे मी काचेमागे कॉफीचा पेला धरून उभा होतो. तिसऱ्या हिवाळ्यात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, नगरपालिकेच्या प्रौढांसाठीच्या पहिल्या पातळीच्या वर्गात मी नाव घातले. आठवड्यातून एकदा पाऊण तास, असे आठ आठवडे, आणि एका प्रशिक्षिकेकडे आम्ही दहा जण, असे त्या वर्गाचे स्वरूप होते. चाळीस वर्षे चालून अंगात मुरलेल्या जवळजवळ सगळ्या सवयी बर्फावर उलट्या पडतात आणि प्राथमिक वर्गातील धड्यांचा क्रम त्या सवयी एकेक करून मोडण्यासाठीच लावलेला असतो, हे मला पाचव्या आठवड्यात उमगले. ते आधी कळले असते तर पहिले चार आठवडे मी प्रशिक्षिकेशी मनातल्या मनात भांडत बसलो नसतो.

नोंदणीविषयी थोडक्यात सांगायचे तर नगरपालिकेचे वर्ग स्वस्त असतात, त्यामुळे नोंदणी खुली होते त्या सकाळी काही मिनिटांतच जागा संपतात; खाते आधी उघडून ठेवावे आणि वर्गाचा क्रमांक हाताशी ठेवावा. खाजगी शिकवणी घ्यावी की गटवर्ग, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. पहिल्या पातळीला मी गटवर्गच सुचवेन, आणि त्याचे कारण केवळ पैसे नव्हे. आपली पाळी येईपर्यंत बर्फावर नुसते उभे राहणे हाही नवशिक्याला सरावच असतो, आणि आपल्यासारखाच एखादा मनुष्य आपल्यासमोर कसा चुकतो हे पाहिल्यावर आपली चूक जितकी लवकर समजते, तितकी ती कोणी तोंडाने सांगून समजत नाही.

आता स्केट्सविषयी, कारण माझे पहिले दोन आठवडे त्यांच्यापायीच वाया गेले. पहिल्या दिवशी मी भाड्याने फिगर स्केट्स घेतले होते. लहानपणी पुण्यात सोसायटीच्या आवारात चार चाकांच्या स्केट्सवर मी पुष्कळ फिरलो होतो, त्यामुळे आपल्याला निम्मे तरी येतेच, असा माझा समज होता. त्या चाकांच्या स्केट्सना पुढच्या बाजूला रबरी ठोकळा असतो आणि पंजा टेकवला की माणूस थांबतो. फिगर स्केटच्या पात्याला मात्र पुढे करवतीसारखे दात असतात, त्याला टो-पिक म्हणतात, आणि ते उड्या व गिरक्यांसाठी असते. जुन्या सवयीने मी थांबण्यासाठी पंजा टेकवला, दात बर्फात रुतले आणि मी तोंडावर आपटलो. ज्यांनी महाराष्ट्रात चाकांचे स्केटिंग केले आहे त्यांना तोल सांभाळण्याची भीती कमी वाटते हे खरे. पण थांबण्याची ती सवय त्यांनी रिंकच्या दाराबाहेर ठेवूनच आत यावे.

दुसऱ्या आठवड्यात मी पुढे दात नसलेले, नवे हॉकी स्केट्स घेऊन गेलो आणि उभा राहताच दोन्ही पाय बाजूला घसरू लागले. नवे स्केट्स बहुधा धार न लावताच विकले जातात, हे मला ठाऊक नव्हते आणि दुकानदाराने सांगितलेही नाही. पाते सुरीसारखे एकाच धारेचे नसते. त्याच्या तळाशी लांबीभर एक बारीक पन्हळ कोरलेली असते आणि तिच्यामुळे आतली व बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. बर्फ धरून ठेवतात त्या या कडाच. पन्हळ खोल असली की कड घट्ट रुतते, पण मग पाते घासून थांबणे कठीण जाते. म्हणून नवशिक्याने धार लावणाऱ्याला उथळ पन्हळ मागावी. अर्धा इंच त्रिज्येची पन्हळ सर्वसाधारण समजली जाते, मी 5/8 इंचाची घेतली. त्रिज्या वाढली की पन्हळ उथळ होते, हे ध्यानात ठेवावे, नाहीतर आकडा मोठा म्हणून खोली जास्त असा उलटा अर्थ लावला जातो.

मापाच्या बाबतीतही तोच घोळ होतो. हॉकी स्केट्सचे माप रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड अंकाने लहान असते. आपण मुलांना पुढच्या वर्षी होतील म्हणून मोठे बूट घेतो, तसे येथे करू नये, कारण आतमध्ये पाय हलला की घोटा वाकडा होतो आणि सगळा दोष आपण स्वतःच्या अशक्त घोट्यांना देतो. मोजा एकच आणि पातळ असावा. लेस बोटांपाशी सैल, पायाच्या चढापाशी आणि घोट्याभोवती घट्ट, आणि अगदी वर पुन्हा किंचित सैल बांधावी, म्हणजे टाच उचलली जात नाही आणि गुडघा पुढे वाकायला जागा राहते. माझी लेस बांधायला पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे लागली. वर्ग दहाला असेल तर साडेनऊला पोहोचावे.

हेल्मेट बहुतेक ठिकाणी सक्तीचे असते, आणि ते सायकलचे नव्हे तर हॉकीचे लागते. हातमोजे थंडीपेक्षा खरचटण्यापासून वाचण्यासाठी हवेत. जीन्स भिजली की जड आणि ताठ होते, म्हणून ती टाळावी.

पहिला धडा पडण्याचा होता. चाळीशीच्या दहा माणसांना पैसे घेऊन मुद्दाम पाडायचे, हा प्रकार सुरुवातीला हास्यास्पद वाटला. पण तोल गेला की मनुष्य आपोआप मागे झुकतो आणि हात मागे टेकतो, आणि मनगटे मोडतात ती अशीच. प्रशिक्षिकेने शिकवलेली रीत अशी की पडणार असे वाटताच गुडघे आणखी वाकवून खाली बसत जावे, एका बाजूच्या मांडीवर टेकावे आणि मुठी मिटून हात अंगाजवळ घ्यावेत, कारण पसरलेल्या बोटांवरून दुसऱ्याचे पाते जाऊ शकते. उठताना आधी चारी अंगांवर यावे, एक पाऊल दोन्ही हातांच्या मधोमध रोवावे, मग हात त्या गुडघ्यावर ठेवून शरीर वर ढकलावे. कठड्याला धरून स्वतःला ओढत उठण्याचा मोह आवरावा, कारण पाय पुढे निसटतात आणि हनुवटी कठड्यावर बसते.

बर्फ इतका निसरडा का असतो, याचे उत्तर आमच्या पिढीतील बऱ्याच जणांनी शाळेत असे ऐकले होते की पात्याखालच्या दाबाने तो वितळतो. माणसाच्या वजनाचा दाब त्याला पुरत नाही. शून्याखालीही बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अत्यंत पातळ थर असतोच, आणि घर्षणाच्या उष्णतेने त्यात भर पडते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की बर्फाला मागे ढकलून पुढे जाता येत नाही. चालताना आपण पंजाने जमीन मागे रेटतो. येथे तसे केले की पाय नुसता मागे निसटतो आणि आपण जागच्या जागी राहतो. पाते तिरपे, बाहेरच्या बाजूला ढकलावे लागते. म्हणून आधी बदकासारखे पंजे बाहेर वळवून छोटी पावले टाकायची, मग तीन-चार पावलांनंतर दोन्ही पाय समांतर ठेवून नुसते वाहत जायचे. त्यानंतर स्कलिंग येते: टाचा जुळवून पंजे उघडायचे, पाय खांद्याइतके फाकले की पंजे आत वळवायचे, आणि पावले परत जवळ आणायची. मागे बर्फावर डोळ्यासारख्या आकृत्या उमटत जातात, आणि पाऊल न उचलता आपण पुढे सरकत असतो.

या सगळ्यात प्रशिक्षिका दर मिनिटाला एकच शब्द उच्चारत असे: गुडघे. भीती वाटली की पाय ताठ होतात, ताठ पायांवर शरीराचा भार टाचांवर जातो, आणि मग मागे पडणे ठरलेलेच. गुडघा वाकवून खाली पाहिले की बुटाचा पुढचा भाग गुडघ्याआड झाकला जायला हवा, अशी खूण तिने दिली होती. एकदा पाहून झाले की नजर पुन्हा समोर, कारण डोके खाली गेले की त्यामागून सगळे अंग जाते.

थांबणे तिने चौथ्या आठवड्यात नीट शिकवले आणि माझ्या मते ते दुसऱ्याच आठवड्यात शिकवायला हवे होते. स्नोप्लाऊ पद्धतीत पंजे आत, टाचा बाहेर ठेवून पात्याने बर्फाचा वरचा थर खरवडत थांबतात. बहुतेकांचा पाय खरवडण्याऐवजी रुततो. यावर मिळालेला सर्वांत उपयोगी सराव असा: कठड्याला धरून स्थिर उभे राहावे आणि एक पाऊल जवळजवळ सपाट ठेवून बाजूला ढकलत राहावे, पात्यासमोर भुसभुशीत बर्फाची छोटी रास जमेपर्यंत. किती दाब द्यायचा हे पायाला तेथे कळते. मी दोन्ही पायांनी दर वर्गाआधी पन्नास-पन्नास वेळा हे केले आणि सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा, ठरवलेल्या जागी, थांबलो.

पाऊण तासाच्या वर्गात आपल्या वाट्याला प्रत्यक्ष हालचाल पंधरा-वीस मिनिटेच येते, म्हणून मधल्या दिवसांत सर्वांसाठी खुल्या असलेल्या वेळेला जाणे आवश्यक आहे. टोरोंटो शहरातील उघड्या रिंक, अगदी महापालिकेसमोरचा नेथन फिलिप्स चौकही, मोफत असतात. झॅम्बोनी नावाचे यंत्र गरम पाण्याने पृष्ठभाग नवा करून गेले की थोडा वेळ थांबावे, ओला बर्फ गोठू द्यावा. खुल्या वेळेत सगळे बहुधा घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेच्या विरुद्ध, फिरतात. त्याचा एक तोटा असा की डावीकडचे वळण पक्के होते आणि उजवीकडचे कच्चेच राहते; वर्गात दिशा बदलून घेतात तेव्हा तो उघडा पडतो. मुलांसाठी ठेवलेल्या आधाराच्या चौकटींवर प्रौढांनी रेलू नये, कंबरेत वाकण्याची खोड लागते आणि ती सुटायला दोन आठवडे जातात.

भारतातून विचारणाऱ्या नातलगांना मी प्रामाणिकपणे सांगतो की मुंबई-पुण्याच्या हवेत खऱ्या बर्फावर नियमित शिकणे अवघड आहे. सिमल्याची रिंक 1920 पासून चालू आहे, पण तेथील बर्फ नैसर्गिक थंडीवर गोठवला जातो, त्यामुळे निरभ्र, कडाक्याच्या रात्रींवर सगळे अवलंबून असते. कृत्रिम प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर शिकलेला तोल उपयोगी पडतो, मात्र तेथे घर्षण जास्त असल्याने वाहत जाण्याचा अंदाज खऱ्या बर्फावर नव्याने घ्यावा लागतो.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या हाती एक कागद आला. स्कलिंग, पडून उठणे आणि स्नोप्लाऊ यांपुढे माझ्या नावावर खुणा होत्या. एका पायावर तीन मोजेपर्यंत वाहणे हे उजव्या पायाला जमले होते. डाव्या पायापुढची जागा रिकामी होती, कारण दोन म्हणेपर्यंत माझा उजवा पाय खाली येतच असे. आमच्या दहांपैकी सहा जणांनी तीच पातळी पुन्हा घेतली आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. मीही जानेवारीच्या सत्रात त्याच वर्गात नाव घातले, आणि तोपर्यंत सकाळी दात घासताना डाव्या पायावर उभा राहतो.