आधी भांडारात शोधा

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयात मी देवघेवीचं काम बघते. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि आमच्या जुन्या, 4 जीबी रॅमच्या संगणकावर विंडोज 11 काही चढेना. भाच्यानं येऊन त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत संगणक प्रणाली टाकून दिलं आणि तो पुण्याला परत गेला. पुढचं मी एकेक करत शिकले. तुम्हीही विंडोजवरून नुकतेच आला असाल, तर माझे दोन दिवस गेले तसे तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते.

मला जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या पानांतून मराठी मजकूर काढायचा होता. सवयीनं ब्राउझर उघडला, एक सेटअप फाइल उतरवली आणि तिच्यावर दोनदा क्लिक केलं. काहीच झालं नाही. डॉट ईएक्सई फाइल विंडोजसाठी बांधलेली असते, लिनक्स ती आपणहून चालवत नाही. अशा फाइली चालवायला वाइन नावाची सोय आहे, पण सुरुवात तिथून करू नका.

लिनक्सची रीत आमच्या वाचनालयासारखी आहे. पुस्तक हवं म्हणून वाचक लेखकाच्या घरी जात नाही. तो सूचीत बघतो, आम्ही कपाटातून काढून देतो. तसं प्रत्येक लिनक्स वितरणाचं, म्हणजे मिंटसारख्या लिनक्सच्या प्रत्येक प्रकाराचं, स्वतःचं सॉफ्टवेअरचं भांडार असतं, आणि त्यातल्या मालावर डिजिटल सही असते. उतरवताना संगणक ती सही तपासतो. एका सॉफ्टवेअरला चालायला दुसरं काही लागत असेल, तर तेही सोबत येतं. नंतरचे अपडेटही तिथूनच, सगळ्यांचे एकत्र. प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं ‘नवी आवृत्ती आली’ म्हणत मध्येच उभं राहत नाही, याचं मला फार सुख आहे.

मिंटमध्ये मेनू उघडून सॉफ्टवेअर मॅनेजर घ्या, नाव शोधा, इन्स्टॉल दाबा, पासवर्ड द्या. झालं की फाइल शोधत बसू नका, नाव मेनूतच येतं. काही सॉफ्टवेअरसमोर सिस्टम पॅकेज (मिंटच्या भांडारात बांधून ठेवलेलं सॉफ्टवेअर) आणि फ्लॅटपॅक (कुठल्याही वितरणावर चालेल असं बांधलेलं) असे दोन पर्याय दिसतील. जुन्या यंत्रावर, डिस्कवर जागा कमी असेल तर सिस्टम पॅकेज घ्या. फ्लॅटपॅकमध्ये आवृत्ती बहुधा नवी मिळते, पण पहिल्या खेपेला सोबत बराच मोठा पसारा उतरतो.

आता टर्मिनल, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम (कमांड) द्यायची खिडकी. मी त्याला घाबरत होते, पण काही कामं तिथंच सोपी जातात. कमांड इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची. आधी ‘सुडो एपीटी अपडेट’: एस-यू-डी-ओ, मोकळी जागा, ए-पी-टी, मोकळी जागा, यू-पी-डी-ए-टी-ई, मग एंटर. यानं नवं काही बसत नाही, फक्त भांडाराची सूची ताजी होते. मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचं नाव. पासवर्ड टाइप करताना मिंटमध्ये तारे दिसतात. काही वितरणांत काहीच दिसत नाही, तरी अक्षरं आत जात असतात. घाबरून पुन्हा पुन्हा दाबू नका.

दोन अडचणी हमखास येतात. पॅकेज सापडत नाही असा संदेश आला तर आधी स्पेलिंग बघा, मग अपडेटची कमांड पुन्हा चालवा. ‘लॉक’ मिळत नाही असं म्हणाला तर मागे अपडेट मॅनेजर काम करत असतो. पाच-दहा मिनिटं थांबा. संगणक मध्येच बंद करू नका, अर्धवट बसलेलं निस्तरणं जड जातं.

भांडारात नसेलच, तर त्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत साइटवरची डॉट डेब फाइल घ्या. ती मिंट, उबुंटू, डेबियन या कुटुंबाची. फेडोरा या दुसऱ्या वितरणाला ती चालत नाही. कुठल्याही पानावरची कमांड, ती काय करते हे कळल्याशिवाय चिकटवू नका. सुडो म्हणजे सगळ्या कपाटांच्या किल्ल्या देणं.

काढून टाकायचं असेल तर मेनूत नावावर उजवं क्लिक करून अनइन्स्टॉल. टर्मिनलमधून काढत असाल तर सोबत काय काय जाणार याची यादी येते, ती वाचा. त्यात ‘सिनॅमन’ दिसलं तर एन दाबून थांबा. तो तुमचा डेस्कटॉपच, म्हणजे मेनू आणि खिडक्या दाखवणारा भागच आहे.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही बसवावं लागलं नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवताना मराठी इन्स्क्रिप्ट निवडलं.

आणि माझं मूळ काम? टेसरॅक्ट हे अक्षरओळखीचं इंजिन, 1985 ते 1994 या काळात एचपीमध्ये घडलेलं आणि 2005 साली खुलं झालेलं, भांडारातच होतं. त्याच्या मराठीच्या पॅकेजचं नाव ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’, मधे दोन आडव्या रेघा. सोबत ‘जीइमेजरीडर’ घेतलं, म्हणजे खिडकीत पान उघडून भाषा मराठी निवडता येते. दोन्ही नावं एकाच कमांडमध्ये, मधे मोकळी जागा सोडून. छपाई फिकी असली की अनुस्वार गळतात. ते मी दुपारी, वाचक कमी असतात तेव्हा, मूळ पान शेजारी ठेवून भरते.