पावसाळ्यात वर्ग रिकामे होतायत? शाळेत या चुका टाळा

पाऊस लागला की त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठकडच्या शाळांत आम्हाला पहिली काळजी असते जुलाब, कावीळ आणि विषमज्वराची.

सगळ्यात मोठी चूक पोषण आहाराच्या सुट्टीत होते. मुलं हात धुतात, पण एकाच बादलीत बुडवून. पहिल्याच्या हाताची घाण विसाव्याच्या खिचडीत जाते. नळ नसेल तर एकाने तांब्याने पाणी ओतावं, दुसऱ्याने हात चोळावेत. आणि साबण? मुलं वाया घालवतात म्हणून तो कपाटात कुलूपबंद ठेवलेला मी पाहिलाय. फार वाईट वाटलं. जुन्या मोज्यात घालून तो नळालाच बांधा.

साबण असूनही आजार थांबत नसेल तर वेळ मोजा. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठे चोळायला 20 सेकंद लागतात. पाणी घेणं, पुढच्याचं येणं धरून अर्धा मिनिट. 50 मुलं आणि 2 नळ म्हणजे साडेबारा मिनिटं. म्हणून हात धुण्याची घंटा जेवणाआधी पंधरा मिनिटं द्या. सॅनिटायझरवर भागवू नका, मळक्या हातांवर तो नीट चालत नाही आणि जंतांची अंडी त्याने मरत नाहीत.

आता टाकी. तुरटीने पाणी नितळ होतं, निर्जंतूक नाही. गढूळ पाण्यात टीसीएलही (पाणी निर्जंतूक करायची क्लोरीनची पावडर) वाया जाते. आधी गाळ बसू द्या, मग 1000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम ताजी पावडर बादलीत कालवून फक्त वरची निवळी टाका. अर्ध्या तासाने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून पाहायची चाचणी) घ्या. पिवळा रंग आला नाही तर बहुधा पोतं उघडं राहून पावडरीतला क्लोरीन उडालाय. नवी पावडर आणा. माठात पेले बुडवू देऊ नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

शौचालयाला कुलूप लावू नका. मुलं उघड्यावर जातात, मुली पाणी प्यायचंच सोडतात.

आश्रमशाळेत खरूज पुन्हा पुन्हा येते, कारण मलम एकट्या खाजवणाऱ्या मुलाला लावतात. डॉक्टरांना विचारून खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध द्या आणि कपडे-चादरी त्याच दिवशी गरम पाण्यात धुवा. ऊन नसेल तर चुलीजवळ वाळवा.